सुविधा मालकाची, ताप कामगाराचा

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता अमलात आणल्या आणि त्याबरोबर एकोणतीस जुने कायदे इतिहासजमा झाले. या घटनेचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु संहितांमधील एका लहानशा शब्दबदलाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कामगार कायद्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला आजवर 'निरीक्षक' म्हणत. यापुढे तो 'निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता' होणार आहे. कायदा मोडणाऱ्याला पकडणे एवढेच त्याचे काम उरलेले नसून कायदा कसा पाळावा हे मालकाला समजावून देणे, त्याला वाट दाखवणे हेही आता त्याचे कर्तव्य आहे. खटला भरण्यापूर्वी चूक सुधारण्याची संधी मालकाला दिली पाहिजे, असेही संहिता सांगतात.

मालकाला कायदा पाळायला मदत करण्यात वाईट काय, असा प्रश्न कोणीही सरळमार्गी माणूस विचारील, आणि तो रास्त आहे. कायदा पाळला जावा हीच श्रमिकांच्या चळवळीची शंभर वर्षांची मागणी आहे. परंतु सुविधा हा शब्द सकर्मक आहे. ती कोणाला तरी कशासाठी तरी द्यावी लागते. म्हणून या नव्या सुविधेची परीक्षा एखाद्या साध्या, रोजच्या आणि कोणालाही न चुकणाऱ्या प्रसंगावर केली पाहिजे. असा प्रसंग म्हणजे आजारपण. कामगार तापाने फणफणला तर त्या दिवशीची मजुरी त्याला मिळते काय? हा प्रश्न दिल्लीच्या विज्ञान भवनात विचारण्यापेक्षा पुणे जिल्ह्याच्या भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांत विचारला तर उत्तर अधिक स्वच्छ मिळते.

दोन तालुक्यांचे अर्थकारण

भोर हे एके काळचे संस्थान. १९४८ साली ते विलीन झाले. औद्योगिक कामगारांना आजारपणाचा विमा देणारा कर्मचारी राज्य विमा कायदाही त्याच वर्षीचा. वेल्हे तालुक्याचे नाव २०२४ साली बदलून राजगड झाले, पण तेथील कष्टकऱ्यांची स्थिती नाव बदलल्याने पालटलेली नाही. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणे याच डोंगरांत उभी आहेत. त्यांचे पाणी खालच्या बागायतीला आणि शहराला गेले. वर उरली ती भाताची खाचरे आणि पावसाळ्यानंतर रिकामे होणारे हात.

हे हात आज कोठे राबतात? पुणे-सातारा महामार्गावर शिंदेवाडी, वेळू, केळवडे, नसरापूर, कापूरहोळ, किकवी या पट्ट्यातील हॉटेले, ढाबे, गोदामे आणि लहान कारखाने यांत. नीरा ओलांडून शिरवळ-खंडाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, बहुधा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर. पोल्ट्रीच्या शेडवर, वीटभट्टीवर, बांधकामावर. आणि धरणांच्या काठाने उभ्या राहिलेल्या रिसॉर्टांत व फार्महाऊसांवर राखणदार, माळी, स्वयंपाकीण म्हणून. ज्या डोंगरउतारावर आजोबाने नाचणी पेरली, त्याच उतारावर नातू शहरातल्या धन्याचे कुलूप राखतो, असे दृश्य तेथे दुर्मीळ नाही.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. यांपैकी बहुतेकांचा मालक लहान आहे किंवा कागदोपत्री लहान केलेला आहे. आणि आजारपणाचा पगार देणारा आपल्याकडील प्रत्येक कायदा प्रथम डोकी मोजतो, मग नाडी पाहतो.

दोन दिवसांचा ताप आणि दोन महिन्यांचा क्षय

आजारपण दोन प्रकारचे असते. एक, दोन-तीन दिवसांचे: पावसाळी ताप, जुलाब, पाठीत भरलेली उसण. दुसरे, दीर्घ मुदतीचे: क्षय, मोडलेले हाड, शस्त्रक्रिया. या दोहोंसाठी कायद्यात काय तरतूद आहे, हे वेगवेगळे तपासले पाहिजे.

दीर्घ आजारासाठी ईएसआय आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगाराला आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत सरासरी दैनिक मजुरीच्या ७० टक्के रक्कम महामंडळ देते. क्षय, कर्करोग यांसारख्या ठरावीक दीर्घ रोगांत हा लाभ ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. ही योजना आपल्या देशातील सामाजिक सुरक्षिततेच्या थोड्याबहुत अभिमानास्पद गोष्टींपैकी एक आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु याच योजनेत आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ मिळत नाही, ते प्रतीक्षेचे दिवस. म्हणजे दोन दिवसांचा ताप ईएसआयच्या हिशेबात आलाच नाही. मग तो कोठे येतो? कारखाना कायद्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा होती. नव्या संहितेतही प्रमाण तेच आहे, फक्त पात्रतेसाठी लागणारे कामाचे दिवस २४० वरून १८० वर आले, हे स्वागतार्ह. पण ही रजा विश्रांतीसाठी कमावलेली आहे. आजारपणाची म्हणून स्वतंत्र पगारी रजा ना जुन्या कारखाना कायद्यात होती, ना नव्या संहितेत आहे. कामगाराने वर्षभर घाम गाळून सणासाठी, लेकीच्या लग्नासाठी, भातलावणीसाठी साठवलेले दिवस तापात खर्च करावेत, असा त्याचा अर्थ होतो.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मात्र एक चांगली गोष्ट केली. वर्षाला आठ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा त्याने कामगाराला दिली. हॉटेलातील वेटरला किंवा दुकानातील नोकराला दोन दिवसांच्या तापात आधार देणारी हीच काय ती तरतूद. आता या तरतुदीचे काय झाले ते पाहावे. १९४८ च्या मुंबई दुकाने कायद्याच्या दृष्टीने एका नोकराचे दुकानही दुकानच होते. २०१७ च्या कायद्याने दहा कामगारांची अट घातली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही अट वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. एक, दहा, वीस. औद्योगिक आस्थापनांत रजेचे नियम लेखी असावेत असे सांगणारे स्थायी आदेश महाराष्ट्रात पन्नास कामगारांपासून लागू होते, नव्या संहितेत ती मर्यादा तीनशे झाली. पायरी चढताना प्रत्येक वेळी एकच कारण सांगण्यात आले: व्यवसाय सुलभता.

महामार्गावरच्या किती ढाब्यांत वीस कामगार असतात? वेल्ह्याच्या बाजारपेठेत वीस नोकरांचे दुकान कोणी दाखवावे! म्हणजे या दोन तालुक्यांत आठ दिवसांच्या रजेचा हक्क कायद्याच्या पुस्तकात राहिला आणि ज्याच्यासाठी तो होता तो माणूस पुस्तकाबाहेर गेला. इकडे मालकाला कायदा पाळायला मदत करण्याचा प्रश्न फार सोप्या रीतीने सुटला आहे. पाळायला कायदाच शिल्लक ठेवायचा नाही, यापेक्षा मोठी सुविधा कोणती?

याउलट शेजारच्या कर्नाटकाने १९६१ च्या दुकाने कायद्यातच आजारपणासाठी म्हणून वर्षाला बारा दिवस पगारी रजा लिहून ठेवली आहे. बेळगावच्या मराठी दुकान-नोकराला जो शब्द कायद्यात सापडतो, तो कोल्हापूरच्या किंवा भोरच्या नोकराला सापडत नाही. पुरोगामी महाराष्ट्र म्हणून मिरवणाऱ्यांनी या तुलनेवर थोडा विचार करायला हरकत नाही.

मागचे माफ कोणाचे?

ईएसआयकडे पुन्हा वळू. नोंदणी न केलेल्या मालकांना योजनेत आणण्यासाठी महामंडळाने १ जुलै २०२५ पासून 'स्प्री' ही विशेष मोहीम काढली. तिची मूळ मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. याच नावाची मोहीम २०१६ सालीही निघाली होती. या मोहिमेत नोंदणी करणाऱ्या मालकाकडून मागील काळाची वर्गणी मागायची नाही, तपासणी करायची नाही, जुनी दप्तरे मागवायची नाहीत, असे अभय देण्यात आले. नोंदणीच्या किंवा मालक स्वतः जाहीर करील त्या तारखेपासून सर्व सुरू.

व्यवहारी दृष्टीने पाहता अशा मोहिमेला विरोध करण्याचे कारण नाही. दहा वर्षे बाहेर राहिलेला मालक अकराव्या वर्षी आत आला तर कामगाराचा फायदाच आहे. परंतु या मोहिमेच्या अटींत दुसरेही वाक्य आहे: नोंदणीपूर्व काळासाठी लाभही मिळणार नाही. मालकाचे मागचे माफ झाले. त्या काळात ज्याने अंगावर दुखणे काढले, सावकाराकडून पैसे उचलून हाड बसवून घेतले, बायकोचे मंगळसूत्र गहाण ठेवून औषधे आणली, त्याचे मागचे कोण भरून देणार? शिवाय योजनेच्या आजवर चालत आलेल्या नियमांप्रमाणे नव्याने विमाधारक झालेल्या कामगाराला आजारपणाची रोख रक्कम मिळू लागण्यास नऊ महिने जावे लागतात. अभय मालकाला पहिल्या दिवशी, आधार कामगाराला नऊ महिन्यांनी.

एवढ्यावर भागत नाही. सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तरच लाभ, असाही नियम आहे. कायम कामगाराला ही अट क्षुल्लक वाटते. पण जो भातलावणीला महिनाभर गावी राहतो, ज्याला कंत्राटदार मधूनच 'ब्रेक' देतो, ज्याचे नाव एका कंत्राटातून दुसऱ्या कंत्राटात फिरते, त्याचे ७८ दिवस एका जागी जुळणे कठीण होते. डोंगरातल्या माणसाचे वर्ष पावसावर मोजले जाते, योजनेचे वर्ष एप्रिल आणि ऑक्टोबरवर. दोन पंचांगे जुळत नाहीत आणि दंड मात्र एकाच बाजूला पडतो.

आणि दहाच्या आतल्यांचे काय? सामाजिक सुरक्षा संहितेने ईएसआयचा विस्तार देशभर केला ही चांगली गोष्ट आहे. धोकादायक व्यवसायात एक कामगार असला तरी नोंदणी सक्तीची केली, हीही चांगली गोष्ट आहे. परंतु इतरत्र दहांपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेसाठी नोंदणी ऐच्छिक ठेवली आहे. मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर. ज्या कामगाराची उद्याची हजेरी मालकाच्या मर्जीवर आहे त्याने मालकाला राजी करावे, ही कल्पना कागदावरच शोभते. नववा आणि दहावा कामगार यांच्यामध्ये एक अदृश्य भिंत उभी राहते. दहावे नाव हजेरीपटावर न चढवणे ही मग व्यवहारचातुर्याची गोष्ट ठरते.

अंतराचा प्रश्न

समजा, नोंदणी झाली. कार्ड मिळाले. वर्गणी कापली गेली. वेल्ह्याच्या वरच्या खोऱ्यातील कामगार आजारी पडला. योजनेचे रुग्णालय कोठे? पुण्यात बिबवेवाडीला, नाही तर चिंचवडला मोहननगरला. वेल्ह्याहून चेलाडी फाट्यापर्यंत यायचे, तेथून महामार्गाने कात्रज उतरायचे. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरांच्या वर प्रवास. तापाने हातपाय गळालेला माणूस एस.टी.च्या वेळापत्रकावर हा प्रवास करून दाखला आणतो, तेव्हा त्याला दोन दिवसांची प्रतीक्षा वजा जाता ७० टक्के मजुरी मिळण्याचा मार्ग मोकळा होतो. त्याऐवजी तो जवळच्या खासगी डॉक्टरकडून एक सुई टोचून घेतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो, यात नवल ते कोणते?

याच भोरमध्ये तहसील कचेरीतील लिपिकाला वर्षाला आठ दिवस नैमित्तिक आणि वीस दिवस अर्धपगारी रजा आहे. अर्धपगारी रजा वैद्यकीय दाखल्यावर पूर्ण पगारी करून घेण्याचीही सोय आहे. ती असलीच पाहिजे, तिच्यावर कोणाचा आक्षेप नाही. प्रश्न एवढाच की कचेरीच्या आत चहा पिणाऱ्याचे शरीर आणि तो चहा आणून देणाऱ्या पोराचे शरीर यांत निसर्गाने कोणता फरक केला आहे?

चार आक्षेप

आजारपणाच्या पगाराची मागणी पुढे आली की चार आक्षेप ठरल्याप्रमाणे येतात. त्यांची उत्तरे कार्यकर्त्यांजवळ तयार असली पाहिजेत.

पहिला आक्षेप: लहान मालकाला हे परवडणार नाही. हिशेबच करावा. १२,००० रुपये पगाराच्या कामगारामागे मालकाची ईएसआय वर्गणी सव्वातीन टक्के, म्हणजे महिन्याला ३९० रुपये. कामगाराची पाऊण टक्का, म्हणजे ९० रुपये. दहा कामगारांच्या मालकाला महिन्याला ३,९०० रुपये पडतात. त्या बदल्यात त्याचा कामगार दीर्घकाळ आजारी पडला तर त्याच्या मजुरीचा भार मालकाच्या गल्ल्यावर पडत नाही, महामंडळावर पडतो. सरासरी रोज ४०० रुपये धरला तर दिवसाला २८० रुपयांप्रमाणे ९१ दिवसांचे २५,४८० रुपये कामगाराच्या घरी जातात. शिवाय कुटुंबाचा औषधोपचार. मालकाचा हा वाटा २०१९ च्या जुलैपर्यंत पावणेपाच टक्के होता. तो सव्वातीनवर आणून सरकारने दीड टक्क्याची सूट आधीच दिलेली आहे. ज्याला ही रक्कम परवडत नाही, त्याचा धंदा कामगाराच्या आजारपणावर चालला आहे असे स्पष्ट म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप: कामगार खोटी आजारपणे काढतील. शंभर रुपयांऐवजी सत्तर मिळवण्यासाठी, तेही दोन दिवस बुडवून आणि शंभर किलोमीटर प्रवास करून, कोण सोंग करील? खरा धोका उलटा आहे. आजारी माणूस कामावर येतो. हॉटेलात जुलाब झालेला आचारी भाकरी थापतो, क्षयाचा रोगी बंद गोदामात दहा जणांबरोबर पोती उचलतो. २०२० च्या साथीने हा धडा साऱ्या जगाला शिकवला. त्या वर्षी २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने टाळेबंदीतही पूर्ण वेतन देण्याचा आदेश काढला आणि मालक न्यायालयात गेल्यावर दोन महिन्यांच्या आत तो मागे घेतला. संकटाच्या दिवशी काढलेला हुकूम टिकत नाही. टिकते ती आधीपासून उभारलेली व्यवस्था.

तिसरा आक्षेप: हे पुन्हा इन्स्पेक्टर-राज आणतील. निरीक्षकांच्या भ्रष्टाचाराची तक्रार खोटी नाही. कामगारांनीही तो भोगला आहे. परंतु पोलीस लाच घेतात म्हणून चोरीचा गुन्हा रद्द करा, असे कोणी म्हणत नाही. भ्रष्टाचारावर उपाय म्हणजे तपासणी जाहीर करणे. ती बंद करण्याने भ्रष्टाचाराचा भाव फक्त बदलतो.

चौथा आक्षेप: अशा अटी घातल्या तर उद्योग दुसरीकडे जातील. ढाबा महामार्ग सोडून कोठे जाणार? फार्महाऊस धरणाचा काठ सोडून कोठे जाणार? आणि शिरवळच्या कारखान्याने जिल्हा बदलला तरी देशाची संहिता बदलत नाही. किंबहुना सर्वांना समान अट असली म्हणजे प्रामाणिक मालकाचे संरक्षण होते. आज जो वर्गणी भरतो त्याला न भरणारा शेजारी स्पर्धेत खाली ओढतो.

मागणी नवी नाही

ही मागणी कोणा परदेशी ग्रंथातून आलेली नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी सरकारपुढे ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुटीबरोबर आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण मजुरी मिळावी. त्याच्या आदल्या वर्षी, १८८३ साली, जर्मनीत बिस्मार्कने आजारपणाचा विमा कायद्याने आणला होता. समाजवाद्यांना शह देण्यासाठी आणला, हे खरे. पण आणला. आज जर्मन कामगाराला आजारपणाचे पहिले सहा आठवडे मालकाकडून पूर्ण वेतन मिळते. लोखंड्यांना रविवारची सुटी १८९० साली मिळाली. आजारपणाच्या पगाराचा लढा अद्याप पुरा व्हायचा आहे.

१९४३ साली सरकारने औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर या अर्थशास्त्रज्ञाकडे सोपवले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आडारकरांनी १९४४ मध्ये अहवाल दिला आणि लोक त्यांना भारताचा छोटा बेव्हरिज म्हणू लागले. त्या अहवालाचा पाया एकच होता: आजारपण ही एका कामगाराची किंवा एका मालकाची आपत्ती मानू नये, सर्वांनी थोडे थोडे टाकून उभारलेल्या निधीतून ती निभवावी. त्यातूनच १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. त्या कायद्याच्या ७३व्या कलमाने आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला कामावरून काढण्यास बंदी घातली होती. दरम्यान राज्यघटनेने ४१व्या कलमात आजारपणात सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क निदेशक तत्त्व म्हणून लिहून ठेवला. पाया घालणाऱ्यांनी चूक केली नाही. कारखान्याच्या फाटकापर्यंत आलेली योजना फाटकाबाहेर नेण्याचे काम पुढच्यांनी करायचे होते.

ते करता येते, हेही महाराष्ट्रानेच दाखवले आहे. माथाडी कामगाराला एक मालक नसतो. आज या वखारीत, उद्या त्या पेढीत. म्हणून त्याला रजा, भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार देता येत नाहीत, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे होत राहिला. १९६९ च्या माथाडी कायद्याने तो निकालात काढला. मंडळ स्थापायचे, मजुरीवर लेव्ही बसवायची, ती सर्व मालकांकडून गोळा करायची आणि हक्क मंडळाकडून द्यायचे. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत आणि बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पुण्यात जे पाठीवरच्या पोत्याखाली उभे राहून मिळवले, ते फार्महाऊसच्या राखणदाराला आणि ढाब्यावरच्या पोराला का मिळू नये? एका कामगाराचा मालक शंभर ठिकाणी असला तरी मंडळ एक असू शकते.

करावयाचे काम

सारांश, मागण्या चार आहेत. आजारपणाची स्वतंत्र पगारी रजा, निदान कर्नाटकाइतकी बारा दिवसांची, महाराष्ट्राच्या कायद्यात लिहावी, आणि ती पहिल्या दिवसापासून पूर्ण पगारी असावी. डोकी मोजणे एकापासून सुरू व्हावे. जेथे मालक खरोखर लहान आहे तेथे माथाडीच्या धर्तीवर मंडळ नेमून लेव्हीतून ही रजा द्यावी. भोर, नसरापूर आणि वेल्हे येथे विमा योजनेचा दवाखाना किंवा पॅनेलचा डॉक्टर असावा, आणि तो येईपर्यंत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला ग्राह्य धरावा. आणि २१,००० रुपयांची वेतनमर्यादा, जी जानेवारी २०१७ मध्ये ठरली आणि २०२५ संपेपर्यंत जागची हलली नाही, ती महागाईशी जोडावी. नाही तर पगारात हजार रुपयांची वाढ मिळालेला कामगार त्या वाढीसाठी विम्याला मुकतो.

मागण्या मंजूर होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. सरकारने सुविधाकर्ता नेमला आहे. तो येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्यांनीच या दोन तालुक्यांत सुविधेचे काम हाती घ्यावे. गावोगावच्या लहान मालकांना एकत्र बसवून नोंदणी करून द्यावी. त्यांतले कित्येक कालपर्यंत स्वतःच मजूर होते, कर्जावर धंदा चालवतात, कागदपत्रांना भितात आणि हिशेबनिसाच्या सल्ल्याने दहावे नाव लपवतात. त्यांना ३९० रुपयांचा हिशेब समजावून सांगणे हा वर्गद्रोह नव्हे. दहांच्या आतल्या मालकाला ऐच्छिक नोंदणीची वाट दाखवणे हे तर चळवळीचेच काम आहे. कामगाराला नेमणूकपत्र मागायला शिकवावे, ते आता संहितेने सक्तीचे केले आहे. त्याचा विमा क्रमांक त्याच्या हाती आहे काय, दरमहा वर्गणी जमा होते काय, ७८ दिवस भरतात काय, हे तपासून द्यावे. कंत्राटदाराच्या माणसांची वर्गणी प्रथम मूळ मालकाने भरावी हे तत्त्व १९४८ पासूनचे आहे, याची आठवण कारखान्याच्या फाटकावर करून द्यावी. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी व्हावी अशी तरतूद नव्या संहितेत आहे. ती या डोंगरात कोठे, कोण करणार, याचा जाब तहसील कचेरीत विचारावा.

मात्र हे करताना एक भान सुटता कामा नये. मालकाला कायदा पाळण्यास मदत करणे हे साधन आहे. कायदा कामगारासाठी असतो, म्हणून मदतीचे माप कामगाराच्या हाती काय पडले यावरच घेतले पाहिजे. किती मालकांनी नोंदणी केली, किती अर्ज ऑनलाइन भरले गेले, किती खटले टळले, हे आकडे सरकार मोठ्या हौसेने प्रसिद्ध करील. भोर आणि वेल्ह्यातील किती कामगारांना गेल्या पावसाळ्यात तापाच्या दिवसाची मजुरी मिळाली, हा आकडा कोणी मागितल्याशिवाय प्रसिद्ध होणार नाही. तो मागत राहणे हे कार्यकर्त्यांचे पहिले काम आहे.